नाव आणि लाकूड

संत गोरोबाकाकांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, हे काय आहे? गोरोबा म्हणाले, हे थापटणे; याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. गावच्या भजनात ही कथा मी अनेकदा ऐकली. परंतु तिचा अर्थ मला कळला तो मागच्या दिवाळीच्या सुट्टीत, खामगावला एका जुन्या इलेक्ट्रिक गिटारीपुढे बसलो असता.

आपल्या वार्षिक अंकात गिटारीवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या जिल्ह्याला टाळ-मृदंग आणि वीणा ठाऊक. शेगावला जाणाऱ्या दिंड्यांत गिटार नसते. तरीही आपल्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि गणेशोत्सवात ती कधीच येऊन पोचली आहे. आम्हा खेड्यातल्या मुलांना नवी घेणे परवडत नाही, म्हणून आम्ही जुनी घेतो. आणि जुनी वस्तू घेताना ती ओळखायची कशी, हा प्रश्न गिटारीपुरताच राहत नाही, असे माझे मत झाले आहे. ते मत येथे मांडतो.

घडले ते असे. एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि त्यातील एका वादकाला आपली गिटार विकायची होती. किंमत सांगितली नऊ हजार. माझ्याजवळ सोयाबीनच्या सोंगणीचे आणि उन्हाळ्यात बाबांच्या हाताखाली केलेल्या कामाचे मिळून सहा हजार होते. उरलेले उसने घेण्याचा विचार होता. बाबांना त्याच दिवशी खामगावहून बिजागऱ्या आणि स्क्रू आणायचे होते, म्हणून ते एसटीत माझ्याबरोबरच बसले. माझे वडील सुतार आहेत. मेहकर तालुक्यातील आमच्या गावात वखर, तिफण, बैलगाडीची चाके, दारे-खिडक्या आणि आता लग्नसराईतले पलंग, हे त्यांचे काम. ते चौथीपर्यंत शिकले. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच.

त्या घराच्या दारात पोचल्यावर मी बाबांना म्हणालो, “बाबा, तुम्ही इथंच थांबा, मी पाहून येतो.” त्यांच्या शर्टावर भुसा होता, पायात टायरच्या चपला होत्या, आणि आत दोन शिकलेली मुले बसलेली मला दिसली होती. हे लिहिताना मला लाज वाटते. पण ते लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्याला अर्थ नाही.

मी तयारी करून गेलो होतो. अशी गिटार प्रथम 1954 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यात निघाली, तिला स्ट्रॅटोकास्टर म्हणतात, आणि आज जगभर तिच्या घाटाच्या असंख्य नकला होतात, हे मी वाचले होते. खुणांचे टिपणही वहीत होते. अंगावर तीन पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारी चुंबकाची वेटोळी. डोक्याच्या एकाच बाजूला ओळीने सहा खुंट्या. मान अंगाला चिकटवलेली नसून मागून चार स्क्रूंनी आवळलेली. तार जिथून सुटते त्या डोक्याकडच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर मोजून त्याची दुप्पट केली की 648 मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच भरले पाहिजे. दुसऱ्या एका प्रसिद्ध घाटाच्या गिटारीत, 1952 साली निघालेल्या लेस पॉलमध्ये, हे माप पाऊण इंचाने कमी असते. मी टेप लावून मोजले. माप बरोबर आले. सगळ्या खुणा जुळल्या. डोक्यावर प्रसिद्ध कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत होतेच. विकणारा म्हणाला, “अमेरिकन माल आहे. अस्सल महोगनी.”

येथे माझ्या वाचनाने मला एकदा टोचले. ह्या घाटाच्या मूळ गिटारींचे अंग आधी अॅश नावाच्या लाकडाचे असे आणि 1956 पासून बहुतेक आल्डरचे. महोगनीचे अंग आणि वर मेपलचा थर ही ओळख लेस पॉलची. मग ही महोगनी कुठून आली? शंका आली, पण सोनेरी अक्षरे पाहून ती मी गिळली. आपण पुस्तकात वाचलेलेसुद्धा नावापुढे विसरतो, याचे हे उदाहरण.

इतक्यात बाबा आत आले. उन्हात उभे राहून कंटाळले असावेत. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. गिटार मांडीवर घेतली, हाताने तोलली, पाठीवर बोटाचे पेर वाजवले, आणि कान दिला. मला गोरोबांचे थापटणे आठवले. मग म्हणाले, “जड हाय, पण एकजीव नाई.” आणि विकणाऱ्याकडे वळून, “भाऊ, पेचकस हाय का? खोलून पाह्यलं तर चालते का?”

विकणाऱ्याने परवानगी दिली, हे त्याच्याविषयी सांगितलेच पाहिजे. तारा सैल केल्या. बाबांनी मागचे चार स्क्रू काढले आणि मान अंगापासून अलग झाली. मान जिथे बसते त्या खाचेत रंग पोचलेला नव्हता. तिथे लाकडाची कड उघडी होती, आणि त्या कडेवर थर दिसत होते. एका थरात रेषा लांब धावणारी, दुसऱ्यात आडवी तुटलेली, तिसऱ्यात पुन्हा लांब. बाबा फक्त एवढेच म्हणाले, “प्लाय.”

जाड चकचकीत रंगाखाली महोगनी नव्हती, आल्डर नव्हते, अॅशही नव्हते. पलंगाच्या फळीला वापरतात त्याच जातीचा माल होता. मग मी माझ्या वहीतली पुढची खूण पाहिली. अमेरिकन गिटारींच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखाली जो गोल भाग असतो, त्यावर बहुधा आकडे छापलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे, नंतरचे वर्षाचे आणि आठवड्याचे. तारांखालची पांढरी पट्टी काढून पाहिले. आकडे नव्हतेच, आणि भागही लहान आकाराचे होते. पिकअपच्या बुडाशी काळा चपटा चुंबक चिकटवलेला होता. तो सिरॅमिकचा, मूळ गिटारींत अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचे सहा चुंबकच वर खुंटांसारखे दिसतात. सिरॅमिक म्हणजे वाईट असे नव्हे, परंतु सांगितलेल्या नावाशी ते जुळत नव्हते. बाबांचे लाकूड आणि माझी वही, दोन्हींनी एकच साक्ष दिली.

परंतु गंमत पुढेच आहे. बाबांनी आता मान हातात घेतली. मानेचे लाकूड फिकट, घट्ट, छिद्रे डोळ्यांना न दिसणारे. ते बाबांना ओळखू आले नाही. “हे आपल्याकडलं नाई,” म्हणाले. ते मी ओळखले. वर्णनावरून तो मेपल होता. मात्र मानेवरची काळपट पट्टी, जिच्यात पडदे बसवलेले असतात, ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि फडके पाहिले. काळे लागले नाही. म्हणजे रंगवलेले लाकूड नव्हे. मग तिच्या टोकाची, मानेच्या बुडाकडची न रंगवलेली कड त्यांनी काचपेपरने थोडी घासली. जांभळट तपकिरी भुसा निघाला. तो त्यांनी नाकाजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा बदलला. “अरे, ही तं शिसव हाय!” आमच्या गावच्या एका जुन्या वाड्यातील शिसवी पेटीची दुरुस्ती त्यांनी केली होती, तोच गोडसर वास.

मित्रहो, मला तेव्हा वहीतील आणखी एक नोंद आठवली, जी मी निष्काळजीपणे लिहून घेतली होती. जगातल्या गिटारींना ब्राझीलचे रोझवुड फार प्रिय होते. ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली, तेव्हा 1833 साली स्थापन झालेल्या मार्टिन ह्या नामांकित अमेरिकन कारखान्याने 1969 च्या सुमारास भारतीय रोझवुड वापरण्यास प्रारंभ केला. हे भारतीय रोझवुड म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली शिसव. तिच्या जातकुळीतील सर्व लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून नियंत्रण आले, आणि 2019 साली तयार वाद्यांना त्यातून सूट देण्याचे ठरले. मी इतके सारे वाचले होते. पण ‘रोझवुड’ हा शब्द वाचताना वाड्यातली पेटी माझ्या डोळ्यापुढे आली नव्हती. शब्द माझ्याकडे होता, लाकूड बाबांकडे होते, आणि एकाच घरात राहून त्या दोघांची गाठ पडली नव्हती.

परत जोडून, तारा चढवून, विकणाऱ्याने गिटार अॅम्प्लिफायरला लावली आणि वाजवून दाखवली. आवाज चांगला होता. आता चकित होण्याची पाळी बाबांची होती. “पोकळी नाई, भोपळा नाई, मंग आवाज कुठून येते?” वीणेचा आवाज भोपळ्यातून आणि मृदंगाचा पोकळ खोडातून येतो, हे त्यांच्या हाताचे ज्ञान. येथे माझे शिक्षण उपयोगी पडले. मी सांगितले, की तार पोलादी असते. ती चुंबकाजवळ हलली की भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने 1831 साली दाखवले. ती वीज यंत्राने मोठी करून कर्ण्यातून ऐकवतात. पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार 1932 साली बाजारात आली. तिचे अंग लाकडाचे नव्हतेच, ते अॅल्युमिनियमचे होते, आणि तिच्या घाटावरून लोकांनी तिला ‘तवा’ याच अर्थाचे नाव ठेवले होते. बाबा हसले. मग जरा वेळाने म्हणाले, “म्हंजे लाकूड खोटं सांगतलं, पण आवाज खोटा नाई.”

ह्या एका वाक्यावर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. इलेक्ट्रिक गिटारीच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर वादकांत मोठा वाद आहे. माझे मत असे, की पिकअप, तारा आणि वाजवणाऱ्याची बोटे यांच्यापुढे अंगाचे लाकूड दुय्यम. परंतु मानेचे लाकूड दुय्यम नव्हे. सहा तारांचा ताण मान रात्रंदिवस सोसते. ती वाकली की सूर गेला. म्हणूनच मानेच्या पोटात एक पोलादी सळई घालतात आणि ती पिळून मान सरळ करता येते. जुनी गिटार घेणाऱ्याने म्हणून आधी डोक्यावरचे नाव न वाचता डोळा मानेच्या टोकाशी लावावा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखे पाहावे. सुतार फळी सरळ आहे की नाही ते असेच पाहतो. मग पडदे झिजलेत काय, सळई फिरते काय, मान आणि अंग यांचा सांधा घट्ट आहे काय, हे पाहावे. नंतर रंग न पोचलेल्या जागा शोधाव्यात, कारण तिथे लाकूड स्वतः बोलते. पुढच्या बाजूची रेषा कडेवर पुढे चालू दिसत नसेल, तर वर पातळ पापुद्रा चिकटवला आहे असे समजावे. नाव सर्वांत शेवटी वाचावे.

प्लायवूड हा गुन्हा नाही. प्लायवूडला महोगनी म्हणणे हा गुन्हा आहे. आम्ही ती गिटार घेतलीच. बाबांनी शांतपणे एवढेच सांगितले, की प्लायचे पैसे देऊ, मानेचे देऊ, नावाचे देणार नाही. सौदा साडेचार हजारांत तुटला. विकणारा नंतर म्हणाला, की त्यालाही ती महोगनी म्हणूनच कोणीतरी विकली होती. मला ते खरे वाटले. खोटे नाव असेच हातोहात पुढे जाते; कारण मधल्या कोणीही स्क्रू काढून पाहिलेले नसते.

हे सगळे खामगावात घडावे, याचेही मला नवल वाटते. खामगावची ओळख रजतनगरी. तिथे चांदी घेताना आपण शुद्धतेची विचारपूस केल्याशिवाय पिशवीची गाठ सोडत नाही. आणि आपल्या लोणारचे उदाहरण त्याहून मोठे आहे. ते सरोवर ज्वालामुखीचे मुख असावे असे पुष्कळ काळ मानले जाई, कारण भोवती सगळा बेसॉल्ट, ज्वालामुखीचाच खडक. पण संशोधकांनी खोल छिद्रे घेऊन आतला दगड तपासला, तेव्हा त्यात प्रचंड आघातानेच बनणारी काच आढळली, आणि 1973 साली हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर उल्काघाताची गोष्ट पक्की झाली. वरून पाहून दिलेले नाव आतल्या दगडाने बदलले. आपल्या जिल्ह्याला हा धडा परका नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. पहिल्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरताना वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले होते. आमची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, तेव्हा ते अगदी खोटे नव्हते. पण घर चालते ते वाकस आणि पटाशीवर. रांगेत पुढे उभ्या असलेल्या मुलाने ‘नोकरी’ लिहिले होते आणि मला ‘सुतारकाम’ लिहिण्याचे धैर्य झाले नाही. खामगावहून परतताना एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसलो असता मला उमगले, की मीही तेच केले होते. प्लायवर पापुद्रा चिकटवला होता. फरक इतकाच, की गिटारीच्या आत हलके लाकूड होते आणि वर भारी नाव. माझ्या बाबतीत आत शिसव होती आणि मी तिच्यावर दुसराच रंग दिला होता.

काही मित्र म्हणतील, हा भावनेचा भाग झाला. सुताराच्या नाकाला कॉलेजच्या अभ्यासात काय स्थान? मी त्यांना मिरजेकडे पाहायला सांगेन. तेथे तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या परंपरेतून तुनीचे लाकूड आणि भोपळा घेऊन तंबोरे व सतारी घडू लागल्या. देशातील थोर गवयांनी त्या मांडीवर घेतल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शासनाच्या नोंदवहीत ज्याला स्थान मिळाले, ते ज्ञान मुळात ठोकण्याचे, हुंगण्याचे आणि कान देण्याचेच होते. दुसरे काही मित्र उलट म्हणतील, की मग पुस्तके कशाला? त्यांनाही मी सांगेन, की बाबा मेपल ओळखू शकले नाहीत आणि चुंबकाची करामत त्यांना ठाऊक नव्हती. एकाचे दुसऱ्यावाचून अडते. मी कॉलेजात आलो म्हणून बाबांचे ज्ञान लहान झाले नाही. आणि बाबांचे ज्ञान मोठे आहे म्हणून माझे कॉलेजात येणे वाया गेले नाही.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मित्र माझ्यासारखेच खेड्यांतून, कष्टकऱ्यांच्या घरांतून येतात. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी आणि ज्याच्या घरी जो धंदा असेल, त्याने त्यातील ओळखण्याच्या खुणा लिहाव्यात. चाकाला बाभूळच का, कोणती माती मडक्याला चालते, कोणते कातडे मृदंगाला चढते, कापसाचा धागा बोटांना कसा कळतो. वाकस, पटाशी, रंधा हे शब्द आमच्या पिढीबरोबर विस्मरणात जाऊ नयेत. पहिले पान मी लिहून तयार ठेवले आहे. साग, शिसव, बाभूळ आणि तिवस ही चार लाकडे भुशाच्या रंगावरून आणि वासावरून कशी ओळखावी, हे त्यात आहे. मजकूर बाबांनी सांगितला, शुद्धलेखन माझे.

गिटारीच्या डोक्यावरचे सोनेरी नाव मी काचपेपरने घासून काढले आहे. ती जागा कोरीच ठेवली आहे. स्नेहसंमेलनात मी ती वाजवली तेव्हा दोघांनी विचारले, कोणत्या कंपनीची? मी सांगितले, अंग प्लायवूडचे, मान मेपलची, पट्टी शिसवीची. ते जरा हिरमुसले. पण सूर लागले होते, हे त्यांनीही मान्य केले.

दुसऱ्या वर्षाच्या अर्जातही मी ‘शेती’च लिहिले होते. तो अर्ज कार्यालयात आहे. दुरुस्तीसाठी मी विनंतीपत्र दिले आहे. लिपिकमहोदयांनी विचारले, एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला? मी म्हटले, साहेब, आतले लाकूड वेगळे आहे.